संवेदनांनीं गांजलेलें मूल

स्वयंपाकघरांत कुकरची शिट्टी होते, आणि पलीकडच्या खोलींत खेळत असलेलें तीन-चार वर्षांचें मूल दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून किंचाळूं लागतें. नव्या सदऱ्याच्या आंत शिवलेली कापडी चिठ्ठी मानेला लागते, म्हणून तेंच मूल सदरा ओरबाडून काढतें. केंस कापण्याचा दिवस म्हणजे घरांत रणधुमाळी. मऊ भाताच्या घांसांत डाळीचा एक अख्खा दाणा आला तरी त्याला ओकारी येते. लग्नसमारंभास नेलें तर अर्ध्या तासांत तें जमिनीवर लोळण घेतें, आणि जमलेले नातेवाईक एकमेकांकडे पाहून म्हणतात, "फार लाडावून ठेवलेलें दिसतें!" आई मान खालीं घालते, बाप एक चपराक देतो, आणि रडें थांबण्याऐवजीं दुपटीनें वाढतें.

अशा मुलाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. त्याला हट्टी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु हट्ट कोणता आणि त्रास कोणता, हें ओळखणें हेंच अशा मुलाच्या आईबापांचें पहिलें काम होय. तें एकदां साधलें, म्हणजे पुढचे पुष्कळसे उपाय घरांतच, घरच्याच वस्तूंनीं करतां येतात.

शाळेंत आपणांस पांच ज्ञानेंद्रियें शिकवितात: डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. परंतु शरीराला यांखेरीज आणखीहि कांहीं जाणिवा असतात, आणि मुलाच्या शांततेशीं त्यांचा संबंध फार निकटचा आहे. कानाच्या अगदीं आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन इवल्याशा पिशव्या आहेत. डोकें कोणत्या बाजूस वळलें, शरीर पुढें चाललें कीं मागें, झोंका वर गेला कीं खालीं आला, हें मेंदूला तेथून कळतें. हें समतोलाचें इंद्रिय. दुसरी जाणीव स्नायूंची व सांध्यांची. डोळे मिटूनहि आपण घांस नेमका तोंडांत घालूं शकतों, याचें कारण हात कोठें आहे व कोपर किती वांकलें आहे याची वर्दी स्नायू व सांधे मेंदूला सारखी देत असतात. तिसरी जाणीव शरीराच्या अंतर्भागाची: भूक, तहान, लघवीची भावना, छातींतली धडधड.

या साऱ्या वर्दी मेंदूकडे एकाच वेळीं येत असतात. त्यांतली कामाची कोणती आणि सोडून देण्याजोगी कोणती, ही निवड बहुतेकांचा मेंदु आपोआप करतो. माथ्यावर पंखा घरघरत असतो, अंगाला कपडे लागत असतात, रस्त्यावरून मोटारी जात असतात. तरी आपण निवांतपणें वर्तमानपत्र वाचतों. कांहीं मुलांच्या ठिकाणीं ही निवड नीट होत नाहीं. साधा आवाज त्यांच्या कानांवर घणासारखा आदळतो, निसटता स्पर्श कांट्यासारखा टोंचतो. याच्या उलट, कांहीं मुलांना वर्दी फारच क्षीण पोंचते; मग तीं ती मिळविण्यासाठीं गरगर फिरतात, भिंतीवर अंग टाकतात, सदऱ्याची बाही चघळीत बसतात. एकाच मुलांत दोन्ही प्रकार असूं शकतात: कानानें हळवें आणि अंगानें आडदांड.

ही गोष्ट वैद्यकाला अगदींच नवी नाहीं. १९४३ सालीं अमेरिकेंतील बालमनोवैद्य लिओ कॅनर यांनीं स्वमग्न मुलांचें जें विख्यात वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत मोठ्या आवाजांना भिणाऱ्या मुलांची नोंद आहे. पुढें जीन एअर्स या अमेरिकन विदुषींनीं या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९७२ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्या ज्या शास्त्राच्या अभ्यासक होत्या, त्या व्यवसायोपचाराचें शिक्षण आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं सुरू झालें. त्याचा पाया घालणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्मानें अमेरिकन आणि विवाहानें महाराष्ट्रीय होत्या.

मात्र या विषयांत अतिशयोक्ति फार होते, म्हणून दोन गोष्टी प्रारंभींच सांगितल्या पाहिजेत. २०१२ सालीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें असें मत दिलें कीं, संवेदनांच्या या अडचणीला स्वतंत्र रोगाचें नांव देऊं नये. तिच्या मुळाशीं दुसरें कांहीं आहे काय हें पाहावें, आणि या उपचारांचा पुरावा मर्यादित आहे हें आईबापांना स्पष्ट सांगावें. पुढच्याच वर्षीं अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथाची पांचवी आवृत्ति निघाली, तींत मात्र संवेदनांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद देणें हें स्वमग्नतेच्या लक्षणांत समाविष्ट झालें. या दोहोंचा मेळ असा कीं, मुलाचा त्रास खरा आहे. पण त्यावर रामबाण म्हणून कोणी कांहीं विकूं लागला तर सावध असावें. पुढें जे उपाय सांगणार आहें ते मुलाला घटकाभर शांत करणारे, त्याचा दिवस सुकर करणारे आहेत. मुळांतली स्थिति ते पालटतील अशी अपेक्षा करूं नये.

आतां हट्ट आणि त्रास यांतला भेद. हट्ट करणारें मूल रडतां रडतां मधून आपल्याकडे पाहतें. मागितलेली वस्तु मिळाली कीं डोळे पुसतें. आपण खोलीबाहेर गेलों तर त्याचा आवाज उतरतो. त्रासलेल्या मुलाचें तसें नसतें. बाहुली द्या, खाऊ द्या, त्याला कशाचीच शुद्ध नसते. कोणी पाहत असो वा नसो, तें रडतें. तेंच कारण घडलें कीं पुन्हां तसेंच होतें, आणि वादळ ओसरल्यावर तें थकून मलूल पडतें. अशा वेळीं शिक्षा केली तर आधींच ओसंडलेल्या भांड्यांत आपण आणखी एक तांब्या ओतीत असतों, कारण चपराक म्हणजे तरी काय? एक मोठा आवाज आणि एक झोंबणारा स्पर्श, म्हणजे ज्यापासून तें पळत होतें नेमकें तेंच.

उपायांकडे वळूं. त्यांतला पहिला आणि बहुधा सर्वांत गुणकारी म्हणजे घट्ट, सावकाश व सारखा दाब. हलका स्पर्श सावध करतो, भरघोस दाब निववितो. अंगावरून मुंगी चालली तर आपण दचकतों आणि कोणी खांद्यावर भक्कम हात ठेवला तर धीर येतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकन विदुषी पुढें पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. लहानपणीं त्यांना कोणीं मिठी मारली तर सहन होत नसे, आणि तरीहि घट्ट दाबाची ओढ असे. तरुणपणीं आत्याच्या कुरणावर गाईगुरांना टोंचण्यासाठीं दोन फळ्यांत धरून ठेवण्याचा सांचा त्यांनीं पाहिला. त्यांत जनावरें शांत होतात हें पाहून त्या स्वतःच त्यांत शिरल्या, आणि मग आपल्यापुरतें एक दाबयंत्र त्यांनीं बनवून घेतलें. त्यांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दाब किती व किती वेळ हें यंत्रांत बसणाऱ्याच्या हातीं होतें.

घरीं यंत्राची गरज नाहीं. मुलाला पालथें निजवून पाठीवर मऊ उशी ठेवावी आणि खांद्यांपासून पायांपर्यंत ती तळहातांनीं सावकाश दाबीत जावें. पोळी लाटण्याचा खेळ म्हणून मुलें हें आनंदानें करूं देतात. गोधडीवर निजवून तिची सुरळी करावी, तोंड व हात मोकळे ठेवावे, आणि मूल "सोड" म्हणतांच सोडावें. न्हाण्यापूर्वीं तेल लावण्याची आपली जुनी रीत येथें उपयोगीं पडते. मात्र हात भुरभुरता नसावा, दंडांवरून व पोटऱ्यांवरून एकाच दिशेनें दाबीत न्यावा, आणि मुलाला आवडत नसेल तर लावूं नये. वजनदार पांघरुणांची हल्लीं पुष्कळ जाहिरात होते. ब्रिटनमध्यें साठांहून अधिक स्वमग्न मुलांवर त्यांची परीक्षा घेण्यांत आली, तिचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला: मुलांना व आईबापांना पांघरूण आवडलें, पण त्यानें झोंप कांहीं वाढली नाहीं. तान्ह्या मुलावर तर असें ओझें कधींहि घालूं नये. मोठ्या मुलालाहि तें आपलें आपल्याला दूर लोटतां आलें पाहिजे, आणि डोकें व तोंड त्याखालीं केव्हांहि जातां कामा नये.

दुसरा उपाय अंगमेहनतीचा. स्नायू व सांधे यांना जोर पडला कीं पुष्कळ मुलांचें चित्त स्थिरावतें. याला लागणारें साहित्य आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. परातींत कणीक मळण्यास मुलाला बसवावें. मुठी वळून, उभ्या हातांनीं, अंगाचा भार घालून. ज्याला चिकट स्पर्श सोसत नाहीं, त्याच्यासाठीं गोळा आधीं घट्ट मळून वर थोडें तेल लावावें, किंवा प्रथम कापडांतूनच दाबूं द्यावा. डाळीचा डबा फळीपासून ओट्यापर्यंत नेणें, अर्धी बादली पाणी दोन्ही हातांनीं झाडांपर्यंत उचलणें, धुतलेल्या चादरीचें एक टोंक धरून पिळणें, खुर्ची ढकलीत नेणें, हीं सारीं कामें याच जातीचीं. जागा थोडी असेल तर भिंतच पुढें ढकलण्याचा खेळ करावा, किंवा बेडूकउड्या मारावयास सांगाव्या. यांत आणखी एक लाभ आहे. दिवसभर ज्याला "हें करूं नको, तें करूं नको" एवढेंच ऐकावें लागतें, त्याच्या हातून घराचें एक खरें काम होतें.

तिसरा उपाय झोंपाळ्याचा. मागें-पुढें, एका लयींत, मंद असा झोंका समतोलाच्या इंद्रियाला निववितो. पाळण्याचा शोध आपल्या आज्यापणज्यांनीं कांहीं उगीच लावला नाहीं. तोच झोंका जोरानें दिला, वेडावांकडा दिला किंवा मुलाला गरगर फिरविलें, तर बहुधा उलट परिणाम होऊन मूल अधिक उसळतें. म्हणून शांतता हवी असेल तेव्हां पाय जमिनीला टेंकतील इतका ठेंगणा झोंपाळा बरा. म्हणजे थांबणें मुलाच्या स्वाधीन राहतें. चेहरा फिका पडला, घाम आला, जांभया येऊं लागल्या किंवा मळमळलें, तर तत्काळ थांबवावें.

चौथा उपाय श्वासाचा आणि तोंडाचा. "दीर्घ श्वास घे" हें तीन वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाहीं. पण साबणाचे फुगे फुंकावयास दिले कीं श्वास आपोआप लांबतो, कारण फुगा मोठा व्हावयाचा तर हळू व पुष्कळ वेळ फुंकावें लागतें. ताटलींत कापसाचा बोळा ठेवून तो नळीनें फुंकीत पैलकांठीं न्यावा. दाट ताक नळीनें ओढून पिण्यांत ओंठांना व गालांना चांगलें काम पडतें. जें मूल सारखें कपडे चघळतें, त्याला भाकरीचा खरपूस कांठ द्यावा. शेंगदाणे, फुटाणे किंवा कडक फळांचे तुकडे मात्र लहान मुलाच्या हातीं देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें, आणि खातांना वडील माणसानें जवळ असावेंच.

पांचवा उपाय पाण्याचा व धान्याचा. पसरट घमेल्यांत कोमट पाणी, दोन वाट्या आणि एक गाळणें, एवढ्यावर अर्धा तास सुखांत जातो. कोरड्या तांदळांत हात खुपसणें, त्यांतून लपविलेले मोठे लांकडी ठोकळे शोधणें, वाटीनें भरणें आणि ओतणें, यांतहि मुलें गुंगून जातात. हळव्या हातांच्या मुलावर यांतलें कांहींच लादूं नये. पहिल्या दिवशीं त्यानें नुसतें पाहिलें, दुसऱ्या दिवशीं चमच्यानें ढवळलें, आठवड्यानें एक बोट बुडविलें, तरी तेवढी प्रगति पुष्कळ झाली. पाण्यापाशीं व धान्यापाशीं लहान मुलाला एकटें सोडूं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

सहावी गोष्ट म्हणजे एक निवांत कोपरा. मोठें घर असलेंच पाहिजे असें नाहीं. टेबलावरून जुनी मऊ लुगडीं किंवा साडी सोडली कीं आंत एक गुहा तयार होते. उजेड मंद, दोन उशा, आवडतें चित्रांचें पुस्तक, आणि सर्वांनीं पाळावयाचा एकच नियम: तेथें गेलेल्या मुलाला कोणीं हांक मारावयाची नाहीं. हा कोपरा शिक्षेची जागा म्हणून कधींहि वापरूं नये. "जा, कोपऱ्यांत बैस" असें एकदां रागानें म्हटलें कीं त्याचा आसरा गेलाच.

हे उपाय वादळ उठल्यावर आठवून चालत नाहीं. दिवसाच्या ओघांत ते आधींच पेरून ठेवावे लागतात. शाळेला जाण्यापूर्वीं दहा मिनिटें डबे उचलणें किंवा भिंत ढकलणें. शाळेंतून आल्यावर प्रश्नांची सरबत्ती न करतां प्रथम झोंपाळा. निजण्यापूर्वीं कोमट पाण्यानें अंग धुणें, पाठ दाबणें, मंद दिवा आणि रोज तेंच एक गाणें. पुढें काय होणार हें कळलें तरी मुलाची निम्मी भीति जाते. म्हणून दूध, आंघोळ, कपडे, शाळा यांचीं साधीं चित्रें काढून भिंतीवर क्रमानें लावावीं. मिक्सर लावण्यापूर्वीं "आतां आवाज होणार, दहा अंक मोजूं" असें सांगावें, आणि शक्य तर कळ त्याच्याच हातानें दाबवावी. स्वतः केलेला आवाज मुलाला कमी बोंचतो.

आणि इतकें करूनहि वादळ उठलेंच तर? तेव्हां बोलणें कमी करावें. दिवा मालवावा, दूरचित्रवाणी बंद करावी, भोंवतीं जमलेल्या माणसांना बाहेर घालवावें, टोंचेल किंवा लागेल असें सर्व दूर ठेवावें. एकाच माणसानें जमिनीवर, मुलाच्या बाजूला, थोड्या अंतरावर बसावें. घट्ट धरलेलें आवडत असेल तरच धरावें. समजूत घालणें, कारणें विचारणें, उपदेश करणें हें सर्व दुसऱ्या दिवशींसाठीं ठेवावें. त्या क्षणीं शब्द हाहि एक आवाजच असतो. मूल डोकें आपटीत असेल तर मध्यें उशी धरावी, आणि असें वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करूं नये.

सणासमारंभांचा प्रश्न आपल्या शहरांत विशेष बिकट आहे. गणपतीच्या मिरवणुकींतले ढोल आणि दिवाळींतले फटाके ज्याला सोसत नाहींत, त्याला त्यांची सवय लावण्याच्या मिषानें गर्दींत उभें करणें ही क्रूरता आहे. मूर्ति पाहावयाची तर सकाळीं, आरतीची गर्दी नसतांना न्यावें. थोडा वेळ थांबून, मूल अजून प्रसन्न आहे तोंच परत फिरावें. कानांवर बसणारीं जाड कर्णाच्छादनें अशा वेळीं जवळ असावींत. मात्र तीं घरांत दिवसभर घालूं नयेत, कारण कानाला शांततेचीच संवय लागली तर साधे आवाजहि जड वाटूं लागतात. शेजाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातलेली आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ध्वनिवर्धकांना बंदी आहे. तींतून कांहीं थोड्या दिवसांची सूट देण्याचा अधिकार तेवढा सरकारला आहे. त्या भिंतीपलीकडे असें एखादें मूल असूं शकतें.

डॉक्टरांचा सल्ला केव्हां घ्यावा? आवाजानें दचकणाऱ्या, किंवा हांकेला ओ न देणाऱ्या मुलाचे कान प्रथम तपासून घ्यावे. आलेले शब्द नाहींसे झाले, मूल नजरेला नजर देत नाहीं, बोट दाखवून कांहीं मागत नाहीं, खाणें दोन-तीन पदार्थांवर येऊन ठेपलें, वजन वाढत नाहीं, अशीं लक्षणें दिसलीं तर "मोठेपणीं सुधारेल" म्हणून थांबूं नये. जें मूल कालपर्यंत ठीक होतें आणि आज एकाएकीं चिडूं लागलें, त्याचा दांत, कान किंवा पोट दुखत असेल हेंहि पाहावें. बोलतां न येणारें मूल दुखणें असेंच सांगतें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं मुलांची तपासणी होते व पुढील उपचारांसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं केंद्रें उघडलेलीं आहेत. मोठ्या शहरांत व्यवसायोपचारतज्ज्ञहि भेटतात. चांगला तज्ज्ञ मुलाला नुसते खेळ देत नाहीं. घरीं जेवण, कपडे, झोंप यांत नेमकी अडचण कोणती हें आईबापांना विचारतो, आणि कांहीं आठवड्यांनीं ती खरोखर कमी झाली कीं नाहीं तें पाहतो. ती कमी झाली नसेल, तर उपाय बदलावा.

अखेर एक साधी सूचना करतों. एक वही करावी. मूल बिथरलें त्या वेळीं किती वाजले होते, आधीं काय घडलें होतें, खाणें व झोंप झाली होती कीं नाहीं, आणि कशानें तें निवलें, एवढें पंधरा दिवस टिपून ठेवावें. वरच्या उपायांतले सगळे कोणत्याच मुलाला लागू पडत नाहींत. आपल्या मुलाला कोणते दोन-तीन लागू पडतात तें या वहीवरून कळेल. ही वही आजी-आजोबांना आणि बाईंनाहि दाखवावी, म्हणजे घरीं एक व शाळेंत दुसरें असें होणार नाहीं. मुलापाशीं बोलतांना त्या त्या वेळीं नांवें द्यावींत: "आवाज मोठा झाला", "सदरा टोंचला", "आतां गुहेंत जाऊं". ऐकतां ऐकतां एके दिवशीं तें मूल कानांवर हात ठेवील, पण किंचाळणार नाहीं, आईचा पदर ओढून म्हणेल, "आवाज मोठा. झोंपाळा." स्वतःच्या शरीराची अडचण ओळखून ती दुसऱ्याला सांगतां येणें, हें या साऱ्या खटाटोपाचें फळ होय. ज्याला तें साधलें, त्याला आयुष्यभर पुष्कळ ठिकाणीं निभावतां येईल.